लायसन्स वैध, पण चालकाचे काय?

समजा, रात्रीचे अडीच वाजले आहेत. रनाळ्याचा एक ट्रकचालक नंदुरबारच्या पथारीवरून सुक्या मिरचीची पोती भरून सुरतेकडे निघाला आहे. विसरवाडी मागे पडली, महामार्ग लागला आणि नवापूरच्या अलीकडे परिवहन विभागाचे वायुवेग पथक उभे दिसले. टॉर्च हलला, ट्रक डाव्या कडेला थांबला. मोटार वाहन निरीक्षकांनी लायसन्स मागितले, मग आरसी, विमा, परमिट, फिटनेस, पीयूसी. अवजड वाहनाचे लायसन्स आहे, मुदत शिल्लक आहे, वजन मर्यादेत आहे, तोंडाला दारूचा वास नाही. दहा मिनिटांत कागद परत मिळाले. ‘जा, दादा.’

या दहा मिनिटांत जे विचारले गेले नाही ते असे. चालक पहाटे सहाला उठला होता. दिवस पोती भरण्याची वाट पाहण्यात गेला, त्यामुळे तो साडेवीस तास जागा आहे. मिरचीच्या धुळीने शिंका थांबेनात म्हणून त्याने संध्याकाळी मेडिकलमधून सर्दीची गोळी घेतली. वय अठ्ठेचाळीस. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे वर्षभरापासून फुटल्यासारखे, विस्कटलेले दिसतात. तो इतका घोरतो की घरचे दुसऱ्या खोलीत झोपतात. आणि पुढे अजून शंभरावर किलोमीटर रस्ता आहे.

कायद्याच्या भाषेत हा चालक पूर्ण पात्र आहे. वैद्यकाच्या भाषेत त्याला या क्षणी स्टिअरिंगवर बसू देता कामा नये.

कायद्याला हे कळत नाही असे नाही. शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अयोग्य असताना वाहन चालवणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८६ नुसार गुन्हाच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला पहिल्या वेळी एक हजार आणि पुढच्या वेळी दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण दारूसाठी फुंकायचे यंत्र असते, वजनासाठी काटा असतो. थकव्यासाठी, मोतीबिंदूसाठी, उतरलेल्या साखरेसाठी रस्त्यावर काहीच नसते. रस्त्यावरची तपासणी कागदांची होते, आणि चालकाच्या शरीराबद्दल बोलणारा कागद एकच असतो. तो म्हणजे नमुना १-अ, म्हणजेच वैद्यकीय प्रमाणपत्र.

मालवाहू किंवा प्रवासी वाहनाचे लायसन्स काढताना आणि नूतनीकरण करताना हे प्रमाणपत्र कोणत्याही वयात लागते. खासगी वाहनाच्या चालकाला ते चाळिशीनंतर लागते. त्यात डॉक्टर लिहून देतात की अर्जदाराला आपण स्वतः तपासले. दूरची नजर, ऐकण्याची क्षमता, हात, पाय, सांधे यांच्याकडे विशेष लक्ष दिले. आणि आपल्या मते तो लायसन्स धारण करण्यास योग्य आहे किंवा नाही. ‘योग्य नाही’ हा पर्यायही त्याच कागदावर आहे, हे फार थोड्या अर्जदारांना माहीत असते.

प्रत्यक्षात काय होते हे वाचकांना सांगायला नको. फोटो चिकटवलेला कागद एजंटाच्या हातून येतो. ‘डोळे बरे आहेत ना, दादा?’ ‘हो, डॉक्टरसाहेब.’ सही होते. लायसन्सची मुदत पूर्वी तीन वर्षे होती, २०१९ नंतर ती पाच वर्षे झाली. म्हणजे अर्ध्या मिनिटात मारलेली ती सही पाच वर्षे चालते. पंचेचाळीस ते पन्नास या पाच वर्षांत माणसाला मधुमेह जडतो, रक्तदाब चढतो, जवळचा चष्मा लागतो, लेन्स धुरकट होऊ लागते. लायसन्सला यातले काहीही समजत नाही. या व्यवहारात दोष एकट्या चालकाचा नाही. न तपासता सही करणाऱ्याचा वाटा त्याहून मोठा आहे.

नजरेची तपासणी करायला तर यंत्रही लागत नाही. कायद्याने घातलेली कसोटी साधी आहे. स्वच्छ उजेडात, चष्मा असल्यास तो लावून, पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. पंचवीस मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण बत्तीस-तेहतीस पावले. चालकाने पंपावर किंवा ढाब्यावर उभ्या असलेल्या अनोळखी गाडीपासून एवढे अंतर मोजावे आणि आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून पाटी वाचून पाहावी. एक डोळा अधू झाला तरी दुसरा काम भागवतो, त्यामुळे कितीतरी जणांना ते वर्षानुवर्षे कळत नाही. स्वतःच्या ट्रकची पाटी मात्र या कामी वापरू नये, ती पाठ असते.

रात्रीचे प्रकरण वेगळे. सुरुवातीच्या मोतीबिंदूत दिवसाची नजर बऱ्यापैकी राहते, पण समोरच्या दिव्यांचा प्रकाश लेन्समध्ये विखुरतो आणि काही क्षण रस्ताच दिसेनासा होतो. असा चालक ‘हल्ली गाड्यांचे लाइट फार तीव्र झालेत’ अशी तक्रार करतो. काही अंशी ती खरीही आहे. पण तीच तक्रार पन्नाशीच्या आसपास नव्याने सुरू झाली असेल तर डोळे दाखवायला हवेत. काचबिंदूत बाजूची नजर आधी जाते, त्यामुळे समोरची पाटी वाचता येते आणि डावीकडून आलेला दुचाकीस्वार दिसत नाही. रातांधळेपणाबद्दल अर्जातच प्रश्न असतो, त्याचे उत्तर मात्र अर्जदार स्वतःच देतो. रंगांधळेपणाच्या बाबतीत नियम २०२० मध्ये थोडा सैल झाला असून सौम्य ते मध्यम रंगदोष असलेल्यांना आता लायसन्स मिळू शकते. ते योग्यच झाले.

नजरेच्या दोषाला चष्मा किंवा शस्त्रक्रिया आहे. झोपेला दुसरा उपाय नाही, आणि या विषयातला सर्वांत मोठा धोका तिथेच आहे.

ऑस्ट्रेलियातील संशोधक डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक तुलना मांडली. त्याच माणसांना एकदा जागे ठेवले, एकदा मोजून दारू दिली आणि दोन्ही वेळा हात व डोळा यांचा मेळ लागणारे एकच काम करून घेतले. सलग सतरा तास जागलेल्यांची कामगिरी रक्तात शंभर मिलिलिटरमागे पन्नास मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्यांइतकी घसरली. चोवीस तासांनंतर ती साधारण शंभर मिलिग्रॅमच्या पातळीला गेली. भारतात कायद्याची मर्यादा तीस मिलिग्रॅम आहे. ती ओलांडणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतात. आपला मिरचीवाला चालक साडेवीस तास जागा होता. त्याने फुंकले असते तर यंत्रावर शून्य आले असते.

झोपेच्या ओढीने मेंदू काही सेकंद बंद पडतो. डोळे उघडे असू शकतात, हात स्टिअरिंगवर असतात, पण आत कोणी नसते. ताशी साठ किलोमीटर वेगाने ट्रक एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जातो. चार सेकंदांची डुलकी म्हणजे सुमारे पासष्ट मीटर रस्ता कोणी न चालवता कापलेला. अशा अपघातात रस्त्यावर ब्रेकच्या खुणा बहुधा सापडत नाहीत, कारण ब्रेक दाबायला कोणी जागेच नसते. शरीराच्या घड्याळानुसार पहाटे दोन ते पाच ही सर्वांत वाईट वेळ. त्याखालोखाल दुपारी दोन ते चार, जेवणानंतरची. कोंडाईबारी घाटातून रात्री जाणाऱ्यांना हे घड्याळ पुस्तकातून शिकावे लागत नाही.

१८ ऑगस्ट २०१९ च्या रात्री रनाळ्यापासून फार लांब नसलेल्या निमगूळजवळ, दोंडाईचा-शहादा रस्त्यावर, औरंगाबादहून शहाद्याला निघालेली एसटी बस आणि कंटेनर यांची धडक झाली. दहाहून अधिक माणसे गेली. त्या अपघाताचा दोष इथे कोणावर ठेवायचा नाही. पण शहादा-दोंडाईचा पट्ट्यातल्या लोकांना रात्रीच्या रस्त्यावर समोरून येणारा ट्रक म्हणजे काय, हे तेव्हापासून नव्याने सांगावे लागत नाही.

आता घोरण्याबद्दल. घोरणे हा घरात चेष्टेचा विषय असतो. पण जो माणूस जोरात घोरतो, मधेच श्वास थांबून गुदमरल्यासारखा दचकतो, सकाळी डोके जड घेऊन उठतो आणि दिवसा बसल्या जागी पेंगतो, त्याला झोपेत श्वास अडण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, असण्याची शक्यता मोठी. घशामागची जागा झोपेत मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू जागा होतो, श्वास सुरू होतो. तीव्र आजारात हे तासाला तीसपेक्षा जास्त वेळा घडते. असा चालक आठ तास झोपला तरी झोपलेला नसतो. वजन जास्त, मान जाड (सुमारे चाळीस सेंटिमीटरच्या वर), वय पन्नाशीपुढे आणि रक्तदाब चढलेला, असे चित्र दिसले की संशय घ्यावा. मान मोजायला शिंप्याची टेप पुरते. नमुना १-अ मध्ये घोरण्याबद्दल एक अक्षर नाही. आजार मात्र उपचाराने आटोक्यात येतो. वजन उतरवणे आणि रात्री नाकावर हवेचा दाब देणारे यंत्र लावणे याने दिवसाची पेंग जाते, आणि नोकरीही राहते.

सर्दीची गोळी हा लहान वाटणारा भाग. मिरचीच्या धुळीत काम करणाऱ्यांना शिंका, नाक गळणे, खोकला नवा नाही. अशा वेळी हाताला लागणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असते, ते हमखास झोप आणते. सेटिरिझिनही काहींना गुंगी आणते. रात्री गाडी चालवायची आहे हे मेडिकलवाल्याला आणि डॉक्टरला आधी सांगावे. कमी गुंगी आणणारे पर्याय आहेत. धुळीच्या जागी तोंडाला ओला रुमाल बांधला तर गोळीची गरजच कमी पडते.

मधुमेहाच्या गोळ्यांचेही तेच. मधुमेह आहे म्हणून ट्रक सोडावा लागत नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकवले, तर साखर सत्तरच्या खाली उतरू शकते. आधी घाम, थरथर, धडधड. मग गोंधळ, आणि मग शुद्ध हरपणे. गोळी घेऊन माल भरण्याच्या रांगेत उपाशी बसलेला चालक या धोक्याच्या अगदी तोंडावर असतो. केबिनमध्ये साखर किंवा ग्लुकोजचा पुडा असावा, लक्षण जाणवताच गाडी थांबवून तो खावा आणि पूर्ण बरे वाटल्यानंतरही पाऊणएक तास तरी चाक हातात घेऊ नये. क्लीनरला हे माहीत असले पाहिजे. उस्ताद बरळायला लागला तर ते दारूचेच असते असे नाही.

फेफऱ्याबद्दल मात्र नियमाचाच विचार करायला हवा. अर्जात अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याबद्दल थेट प्रश्न आहे आणि ‘हो’ म्हटले की दार बंद. कधी झटका आला, किती वर्षे आला नाही, औषध चालू आहे की नाही, याला फारशी जागा नाही. ब्रिटनमध्ये अवजड वाहनासाठी दहा वर्षे औषधाविना झटका नसणे ही अट आहे. कडक आहे, पण तिला एक शेवट आहे. जिथे शेवटच नाही तिथे माणूस आजार लपवतो, आणि लपवलेला आजार औषधाविना राहतो. झटके येणाऱ्याने ट्रक चालवू नये यात वाद नाही. वाद आहे तो खरे सांगणाऱ्याला पूर्ण उपाशी ठेवणाऱ्या पद्धतीशी. मालकाने त्याला गोदामात किंवा हिशेबात काम दिले तर तो खरे सांगेल.

मालक हा या गोष्टीतला न दिसणारा माणूस. कामाचे तास हे काही चालकाच्या मर्जीवर सोडलेले नाहीत. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली, लांबच्या फेरीसाठी दिवसाला दहा तासांपर्यंत सवलत दिली. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने ही मर्यादा ट्रकचालकालाही लावली. नव्या कामगार संहितांतही आठ तासांचाच दिवस धरलेला आहे. पण रस्त्यावर या तासांचा हिशेब कोण मागतो? अमेरिकेत ट्रकमध्ये तासांची नोंद ठेवणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र डिसेंबर २०१७ पासून लागू झाले. चालकाला दहा तास विश्रांतीनंतर अकरा तासच गाडी चालवता येते, आणि रस्त्यावरच्या तपासणीत मर्यादा ओलांडलेली आढळली तर त्याला तिथेच थांबवले जाते. ठरलेली विश्रांती पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथले वैद्यकीय प्रमाणपत्रही जास्तीत जास्त दोन वर्षांचे असते आणि रक्तदाब १८०/११० वर गेला तर तो उतरेपर्यंत मिळत नाही. आपल्याकडे जागरणाचे चलान फाटत नाही. फाटते ते कागदाचे, आणि त्याचे पैसे बहुधा चालकाच्या पगारातून कापले जातात. मग ते भरून काढायला आणखी एक रात्रीची फेरी.

म्हणून कागदाची चूक होऊ न देणे हीसुद्धा आरोग्याचीच गोष्ट ठरते. लायसन्सची मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवसांची सवलत होती. २०१९ मध्ये ती गेली, आता दुसऱ्या दिवसापासून लायसन्स नसल्यासारखेच. नूतनीकरण मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येते. संपून वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. वैध लायसन्स नसताना चालवणाऱ्याला पाच हजारांपर्यंत दंड आहे, आणि अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही कलम १८० खाली तेवढाच. साडेसात हजार किलोपर्यंतचे पिकअप, छोटा हत्ती चालवणाऱ्यांच्या डोक्यावरची एक टांगती तलवार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला दूर केली. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर त्या वजनापर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. त्यावरच्या ट्रकला मात्र अवजड वाहनाचेच लायसन्स लागते. आठवी पासची जुनी अट २०१९ मध्येच निघाली आहे. ती अजून लागू असल्याचे सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

थांबवल्यावर घाबरून गाडी दामटणे हा सर्वांत महाग आणि सर्वांत धोकादायक मार्ग. डिजीलॉकर किंवा एम-परिवहनमधले कागद ग्राह्य आहेत. चलान हातात आले किंवा मोबाइलवर आले की गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण आणि कलम या चार गोष्टी तिथेच वाचाव्यात, चूक असेल तर शांतपणे दाखवावी, फोटो काढून ठेवावा. पावतीशिवाय रोख पैसे देऊ नयेत. मान्य नसेल तर भरण्याची घाई न करता आक्षेप नोंदवता येतो, न्यायालयात जाता येते. लायसन्स जप्त केले तर त्याची पोच मागावी. तिच्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंत वाहन चालवता येते. जादा वजनाला मात्र पळवाट नाही. वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी हलत नाही. त्यात आणखी एक रात्र जाते, आणि ती झोपेची नसते.

थांबवलेल्या त्या दहा-पंधरा मिनिटांचा एक उपयोग आहे. बहुतेक चालक कागद परत मिळताच गेलेला वेळ भरून काढायला वेग वाढवतात. त्याऐवजी पुढचा उजेडातला ढाबा किंवा पंप गाठावा, कडक चहा किंवा कॉफी प्यावी आणि लगेच वीस मिनिटे आडवे व्हावे. कॅफिनचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तंबाखूचा बार भरणे, तोंडावर पाणी मारणे याने काही मिनिटांपलीकडे काही साधत नाही. आणि वीस मिनिटांची डुलकी एक-दोन तासांपुरतीच असते. वीस तासांचे जागरण तिने फिटत नाही, त्यासाठी चालकाला रात्रभर झोपावे लागते आणि मालकाला सकाळी माल उशिरा पोहोचल्याचा फोन ऐकावा लागतो.

नमुना १-अ घेऊन दवाखान्यात जाताना चालकाने चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, चष्मा न्यावा, आणि शक्य झाल्यास घरातल्या माणसाला सोबत न्यावे. तो घोरतो की नाही, हे त्याला स्वतःला ठाऊक नसते. डॉक्टरांनी ‘सध्या योग्य नाही’ असे लिहिले तर बहुतेक वेळा मध्ये एक चष्मा, एक शस्त्रक्रिया किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांचे काही आठवडे एवढेच असते, आणि त्यानंतर त्याच टेबलावर पुन्हा तपासणी करून घेता येते.